विश्लेषण : धडपडणाऱ्या हॉकी संघाला स्टार गोलवीर तारतो का?

उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या एनएचएल लीगमध्ये २०२५मध्ये खेळाडूंचा बाजार भरण्याआधीच उठला. ३० सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर या नऊ दिवसांत चार मोठ्या आक्रमक खेळाडूंनी आपापल्या संघांशी नवे करार केले. मिनेसोटाच्या किरिल कप्रिझोव्हने आठ वर्षांसाठी १३.६ कोटी डॉलरचा, म्हणजे लीगच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार केला. एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड दोन वर्षांसाठी थांबला. व्हेगासचा जॅक आयकल आणि विनिपेगचा काईल कॉनर यांनीही आठ-आठ वर्षांसाठी सह्या केल्या. पुढच्या उन्हाळ्यात यांच्यापैकी कुणीतरी मोकळा होईल आणि मग आपण बोली लावू, या आशेवर असलेल्या संघांना तेव्हा एकच दार उरले होते. ते म्हणजे ट्रेड, अर्थात अदलाबदल.

या दारापाशी सर्वांत जास्त घुटमळतात ते तळाचे संघ. त्यातही बफेलो सेबर्स या संघाची अवस्था बिकट होती. २०२४-२५पर्यंत सलग १४ मोसम या संघाला प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी गाठता आलेली नव्हती. लीगच्या शंभराहून अधिक वर्षांत कोणत्याही संघाचा दुष्काळ इतका लांबलेला नाही. अशा संघाने भविष्यातील मोहरे देऊन वर्षाला ४० गोल करणारा एखादा तारा आणावा का? चाहत्यांचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असते. आकडे मात्र वेगळे काही सांगतात.

ट्रेड म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवे टर्फ आणि हरमनप्रीतचा पेनल्टी कॉर्नर आठवतो. इथे विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे. गोलरक्षकासह सहा खेळाडू, २० मिनिटांचे तीन भाग आणि २०२५-२६पर्यंत प्रत्येक संघाचे मोसमात ८२ साखळी सामने. विजयाला दोन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरल्यास एक गुण. ३२ संघांपैकी १६ बाद फेरीत जातात.

आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा शब्द आता मराठी वाचकालाही नवा नाही. २०२३च्या अखेरीस मुंबई इंडियन्सने गुजरातला पैसे मोजून हार्दिक पंड्याला परत आणले आणि २०२४च्या मोसमात मुंबई दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिली. एनएचएलमध्ये मात्र नुसते पैसे देऊन खेळाडू मिळत नाही. तिथले चलन वेगळे आहे: दुसरे खेळाडू, उमेदीतली पोरे आणि ड्राफ्टमधील निवडीचे हक्क, ज्यांना ‘पिक’ म्हणतात.

ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात होणारी १८ वर्षांच्या आसपासच्या खेळाडूंची निवड. यात संघांचा क्रम साधारण उलटा लागतो. जो संघ तळाला, त्याची निवड आधी. मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात, पण शेवटच्या क्रमांकाचा संघ तिसऱ्या निवडीच्या खाली घसरत नाही. पुढचा सगळा हिशेब या एका नियमावर फिरतो, म्हणून तो लक्षात ठेवायला हवा. संघ जितका वाईट, तितकी त्याची पिक मौल्यवान. म्हणजेच एकाच खेळाडूसाठी चांगला संघ आणि वाईट संघ या दोघांनीही ‘पहिल्या फेरीची एक पिक’ दिली, तरी वाईट संघाने कितीतरी जास्त किंमत मोजलेली असते.

शिवाय सॅलरी कॅप, म्हणजे वेतनाची कमाल मर्यादा आहे. २०२५-२६मध्ये ती प्रत्येक संघाला ९.५५ कोटी डॉलर होती, २०२६-२७साठी ती १०.४ कोटी ठरली. एका खेळाडूवर जास्त खर्च केला की बाकीच्या वीस-बावीस जणांच्या वाट्याचे तेवढे कमी होते.

बफेलोला गोल करणाऱ्यांची वानवा होती का?

इथेच चाहत्यांचे उत्तर लंगडे पडते. सेबर्स शेवटचे बाद फेरीत खेळले ते २०११च्या वसंतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेरी पेगुला यांनी हा संघ विकत घेतला होता. तेव्हा प्रशिक्षक होते लिंडी रफ. मधल्या काळात अनेक प्रशिक्षक येऊन गेले आणि २०२४मध्ये संघ पुन्हा रफ यांच्याकडेच आला. यावरून वर्तुळ केवढे मोठे फिरले याची कल्पना यावी.

या काळात बफेलोकडे गुणवान खेळाडू नव्हते असे अजिबात नाही. ते होते, आणि निघून गेले. रायन ओ’रायलीला २०१८मध्ये सेंट लुईसला दिले. पुढच्याच वर्षी सेंट लुईसने स्टॅन्ले कप जिंकला आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ओ’रायलीला मिळाला. आयकल नोव्हेंबर २०२१मध्ये, मानेच्या शस्त्रक्रियेवरून झालेल्या वादानंतर, व्हेगासला गेला. २०२३मध्ये व्हेगासने कप जिंकला तेव्हा बाद फेरीत सर्वाधिक गुण आयकलचे होते. सॅम राइनहार्टला २०२१च्या जुलैत फ्लोरिडाला दिले. त्याने २०२३-२४च्या मोसमात ५७ गोल केले, २०२४च्या अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात विजयी गोल केला आणि २०२५मध्ये कप जिंकून देणाऱ्या सामन्यात एकट्याने चार गोल ठोकले.

तिघेही बफेलोत असताना बफेलो हरत होते. तेच तिघे दुसरीकडे गेले आणि चषक उंचावू लागले. खेळाडू रातोरात बदलले नाहीत, त्यांच्या भोवतालचा संघ बदलला.

बरे, ते गेल्यानंतर तरी गोल आटले का? तेही नाही. २०२२-२३मध्ये सेबर्सने केलेले गोल लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकाचे होते. टेज थॉम्पसनने एकट्याने ४७ गोल केले. हा थॉम्पसन ओ’रायलीच्या बदल्यातच आलेला. तरीही ९१ गुणांवर संघ थांबला आणि एका गुणाने बाद फेरी हुकली. त्या शेवटच्या जागेवर ९२ गुणांसह फ्लोरिडा आत गेला आणि थेट अंतिम फेरीत पोहोचला. २०२४-२५मध्ये थॉम्पसनचे ४४ आणि अ‍ॅलेक्स टकचे ३६ गोल होते. संघाचे गुण किती? ७९.

एका गोलवीराने किती गुण वाढतात?

ही आकडेमोड कागदावर करता येते, आणि करायलाच हवी. हॉकीच्या आकडेवारीत एक ठोकताळा वापरला जातो: गोलफरकात सुमारे सहा गोलांची सुधारणा झाली की मोसमात एक विजय वाढतो, म्हणजे दोन गुण.

समजा, एखाद्या संघाने ४० गोल करणारा खेळाडू आणला. त्याच्या येण्याने ज्याची जागा जाईल तो खेळाडू शून्य गोल करणारा नसतो. तोही १५ गोल करत असतोच. म्हणजे निव्वळ वाढ २५ गोलांची. सहाने भागले की चार विजय, म्हणजे आठ गुण.

हा हिशेबही सढळ हाताने केलेला आहे. आइस हॉकीत खेळाडू पाऊण-एक मिनिट बर्फावर असतो, मग बाकावर येतो. सर्वोत्तम आक्रमक खेळाडूही ६० पैकी २० मिनिटांच्या आसपास खेळतो. उरलेली ४० मिनिटे सामना त्याच्याशिवाय चालू असतो. प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा भोगायला बाहेर बसलेला असताना जी संधी मिळते, ज्याला पॉवर प्ले म्हणतात, तीही ठरावीकच असते. नवा तारा तिथे उभा राहिला की जुन्या कुणाचे तरी फटके कमी होतात. उलट बाजूने पाहिले तर चांगला गोलवीर इतरांनाही गोल करून देतो, हेही खरे. या दोन गोष्टी साधारण एकमेकींना खोडून टाकतात असे धरून आठ गुणांवरच थांबू.

आता हे आठ गुण वेगवेगळ्या संघांच्या खात्यात टाकून पाहा. २०२४-२५मध्ये पूर्व विभागातून बाद फेरीत गेलेला शेवटचा संघ मॉन्ट्रियल होता, ९१ गुणांवर. बफेलोचे ७९ अधिक ८ म्हणजे ८७. बाहेरच. शिकागोचे ६१ होते, त्यांचे ६९ होतील. सॅन होजे ५२वरून ६०वर. हे संघ बाद फेरीपासून तितकेच दूर राहतील, फक्त ड्राफ्टमधील क्रमांक खाली जाईल. त्यातही ती पिक ट्रेडमध्ये देऊन टाकली असेल तर तीही दुसऱ्याच्या खिशात. डेट्रॉइटचे ८६ होते, ते मात्र ९४ होऊन आत गेले असते.

थोडक्यात, तोच खेळाडू, तेच आठ गुण. पण ८६वर असलेल्या संघासाठी ते दार उघडतात आणि ६१वर असलेल्या संघासाठी फक्त हरण्याचा फरक कमी करतात.

गोलरक्षक हा मुद्दा कुठून आला?

त्याच कागदावर दुसरे गणित मांडू. एका सामन्यात प्रतिस्पर्धी सुमारे २८ फटके गोलवर मारतो असे धरा. ८२ सामन्यांचे झाले जवळपास २,३०० फटके. गोलरक्षकाने अडवलेल्या फटक्यांच्या प्रमाणात फक्त एका टक्क्याची सुधारणा झाली, तर २३ गोल वाचतात. चाळीस गोलवाल्या ताऱ्याने मिळवून दिलेल्या २५ गोलांच्या अगदी जवळ.

२०२४-२५मध्ये लीगची सरासरी ९० टक्क्यांच्या आसपास होती. बफेलोचा पहिला गोलरक्षक उक्को-पेक्का लुक्कोनेन ८८.७ टक्क्यांवर होता. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण त्याला सरासरीपर्यंत आणले असते, तरी एक स्टार गोलवीर विकत घेतल्याइतका फायदा झाला असता, आणि तोही पहिल्या फेरीच्या पिक न देता.

अर्थात सगळा दोष गोलरक्षकावर टाकणे अन्यायाचे आहे. बचावफळी जर समोरच्याला गोलच्या तोंडाशी मोकळी जागा देत असेल, तर कुणाचेही प्रमाण घसरेल. आणि गोलरक्षक ही जात बेभरवशाची. एका मोसमात भिंत, दुसऱ्यात जाळी. ओटावाने २०२३मध्ये योनास कोर्पिसालोला पाच वर्षांचा करार दिला आणि वर्षभरात त्याला दुसरीकडे पाठवावे लागले. तरीही पहिला रुपया कुठे खर्च करायचा, याचे उत्तर या २३ गोलांत आहे.

स्किनरने ४० गोल केले, मग काय झाले?

बफेलोने हा प्रयोग एकदा केलेला आहे, त्यामुळे कल्पनेच्या भराऱ्या मारायची गरज नाही. ऑगस्ट २०१८मध्ये त्यांनी कॅरोलायनाकडून जेफ स्किनरला आणले. किंमत फार नव्हती: एक तरुण खेळाडू आणि दुसऱ्या, तिसऱ्या व सहाव्या फेरीच्या पिक. कागदावर तर हा ट्रेड चोरीच्या मालासारखा स्वस्त होता. स्किनरने पहिल्याच मोसमात ४० गोल केले. संघ ७६ गुणांवर संपला आणि बाद फेरी पुन्हा हुकली.

खरी चूक त्यानंतरची. स्किनरचा करार त्या उन्हाळ्यात संपत होता. इतकी वर्षे रिकाम्या हाताने बसलेला संघ ४० गोलवाल्याला सोडणार कसा? त्याला आठ वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला ९० लाख डॉलर देण्यात आले. पुढच्या मोसमात त्याने १४ गोल केले, त्याच्या पुढच्या मोसमात ७. मधे एक-दोन वर्षे तो पुन्हा बरा खेळला, पण जून २०२४च्या अखेरीस बफेलोने उरलेल्या कराराची काही रक्कम देऊन त्याला मोकळे केले. त्या निर्णयाचा भार वेतनमर्यादेवर २०२९-३०पर्यंत राहणार आहे. २०२५-२६मध्ये एकट्या त्यापोटी सुमारे ४४ लाख डॉलर अडकले होते. मैदानावर नसलेल्या माणसासाठी.

चाळीस गोलांचा आकडा अनेकदा फसवा असतो, याचे कारण साधे आहे. लीगमध्ये साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. एखाद्या मोसमात पक नशिबानेही आत जातो आणि हे प्रमाण फुगते. व्हेगासच्या विल्यम कार्लसनने २०१७-१८मध्ये ४३ गोल केले तेव्हा त्याच्या १०० फटक्यांमागे २३हून अधिक गोल होत होते. त्याच्या आदल्या मोसमात त्याचे सहा गोल होते, पुढच्या मोसमात २४ झाले. माणूस तोच, फटके मारण्याची पद्धत तीच. म्हणून गेल्या मोसमाचे गोल मोजण्यापेक्षा तीन-चार मोसमांत त्याने फटके किती मारले हे पाहणे शहाणपणाचे. पण ट्रेड करणारा व्यवस्थापक गेल्या मोसमाचीच किंमत मोजतो, कारण विकणारा तीच मागतो.

तळाच्या संघाला ट्रेड इतका महाग का पडतो?

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण टोरंटोचे. सप्टेंबर २००९मध्ये टोरंटो मेपल लीफ्सने बॉस्टनकडून फिल केसल हा गोलवीर घेतला. बदल्यात २०१०ची पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची पिक आणि २०११ची पहिल्या फेरीची पिक दिली. या पिकवर कोणतीही अट नव्हती. आपण आता वर जाणार, त्यामुळे या पिक मधल्या क्रमांकाच्या असतील, असा टोरंटोचा होरा असावा.

केसलने त्या मोसमात ३० गोल केले. आपले काम त्याने चोख केले. टोरंटो मात्र ३० संघांत २९वा आला. बॉस्टनच्या हाती ड्राफ्टमधील दुसरी निवड पडली आणि त्यांनी टायलर सेगनला घेतले. पुढच्या वर्षीची पिक नववी निघाली, तिच्यातून डगी हॅमिल्टन आला. २०११मध्ये बॉस्टनने स्टॅन्ले कप जिंकला, त्या संघात १९ वर्षांचा सेगन होता. केसल टोरंटोत सहा मोसम राहिला आणि त्यात बाद फेरी एकदाच आली, २०१३मध्ये. तिथेही सातव्या सामन्यात, अखेरच्या भागात ४-१ अशी आघाडी असताना टोरंटो हरले. समोर बॉस्टनच होते.

पुढे २०१५मध्ये केसल पिट्सबर्गला गेला आणि २०१६ व २०१७ असे लागोपाठ दोन कप जिंकला. त्याला दोष द्यायला जागाच नाही. टोरंटोने त्याला सोडल्यावर पुढच्याच मोसमात तळ गाठला, सोडत जिंकली आणि ऑस्टन मॅथ्यूज मिळवला.

२०२५-२६मध्ये या अटींच्या मुद्द्याला विशेष धार होती. २०२६च्या ड्राफ्टमध्ये गॅव्हिन मकेना या कॅनडियन मुलाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले होते. धडपडणाऱ्या संघाने अट न घालता पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीची पिक दिली आणि मोसम फसला, तर काय हातातून जाईल हे टोरंटोवाल्यांना विचारावे.

बफेलोची आणखी एक अडचण आहे. बड्या खेळाडूंच्या करारांत संघबदल नाकारण्याचा हक्क असतो. कोणत्या शहरांत जायचे नाही याची यादीच ते देतात. हरणारा, थंडीने गारठलेला संघ अशा याद्यांत वर असणार हे उघड आहे. डिसेंबर २०२४मध्ये तेव्हाचे सरव्यवस्थापक केव्हिन अ‍ॅडम्स यांनीच, आपल्याकडे पाम वृक्ष नाहीत आणि न्यूयॉर्क राज्यात कर आहेत, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. त्यावरून त्यांची भरपूर खिल्ली उडवली गेली. मुद्दा मात्र खरा होता. यायला तयार असलेल्या मोजक्या खेळाडूंतून निवडायचे असेल, तर विकणाऱ्यापुढे घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

मग असा ट्रेड कधीच फळत नाही का?

फळतो. अनाहाइमचा मायटी डक्स हा संघ १९९३मध्ये जन्माला आला. फेब्रुवारी १९९६मध्ये त्यांनी विनिपेगकडून टीमू सेलाने या फिनलंडच्या गोलवीराला आणले. पुढच्या मोसमात सेलानेने ५१ आणि पॉल कारियाने ४४ गोल केले आणि डक्स पहिल्यांदा बाद फेरीत गेले. एक मालिका जिंकलेही. पण कारिया तिथे आधीपासून होता, हे विसरता येत नाही. शिवाय तेव्हा वेतनमर्यादा नव्हती. ती आली २००५मध्ये, एक अख्खा मोसम रद्द झाल्यानंतर.

वेतनमर्यादेच्या काळातील सर्वांत बोलके प्रकरण ओटावाचे आहे, आणि त्याचा शेवट कुणी सुरुवातीला सांगितला असता तर पटला नसता. जुलै २०२२मध्ये ७३ गुणांवर संपलेल्या ओटावाने शिकागोकडून अ‍ॅलेक्स डेब्रिंकॅटला घेतले. त्याने नुकतेच ४१ गोल केले होते. बदल्यात गेली ड्राफ्टमधील सातवी निवड, दुसऱ्या फेरीची पिक आणि २०२४ची तिसऱ्या फेरीची पिक. डेब्रिंकॅटने ओटावात २७ गोल केले. संघ ८६ गुणांपर्यंत चढला, पण बाद फेरी हुकली. डेब्रिंकॅटच्या करारात एकच वर्ष उरले होते आणि लांबचा करार करायला तो तयार नव्हता. वर्षभरातच ओटावाला त्याला डेट्रॉइटला द्यावे लागले, तेही कमी भावात. तो मूळचा मिशिगनचा, त्यामुळे डेट्रॉइटने त्याला लगेच चार वर्षांसाठी करारबद्ध केले.

डेट्रॉइटकडून ओटावाला जे मिळाले, त्यात पहिल्या फेरीची एक पिक होती. ती मूळची बॉस्टनची होती. जून २०२४मध्ये ओटावाने तीच पिक, सोबत कोर्पिसालो आणि आणखी एक खेळाडू बॉस्टनला दिला आणि लिनस उल्मार्क हा गोलरक्षक आणला. २०२४-२५मध्ये ओटावा ९७ गुणांसह आठ वर्षांनी बाद फेरीत गेला.

आणि डेब्रिंकॅट? डेट्रॉइटकडून त्याने पहिल्या मोसमात २७ आणि दुसऱ्यात ३९ गोल केले. डेट्रॉइट एकदा ९१ गुणांवर वॉशिंग्टनशी बरोबरीत राहून निकषावर बाहेर पडला, एकदा ८६वर. सलग २५ वर्षे बाद फेरी खेळण्याचा मान मिरवलेला हा संघ २०१६नंतर २०२४-२५पर्यंत तिथे पोहोचलेला नव्हता. जून २०२५मध्ये डेट्रॉइटनेही ट्रेड केला. कुणासाठी? जॉन गिब्सन या गोलरक्षकासाठी.

आयकलचे व्हेगास हे दुसरे उदाहरण नेहमी दिले जाते. ते बरोबर आहे, पण तो संघ धडपडणारा नव्हता. बचाव, गोलरक्षण, दुसरी-तिसरी फळी सगळे जागेवर होते. शिवाय आयकलच्या करारात चार मोसमांहून अधिक काळ शिल्लक होता. ओटावाला जे एका वर्षात उरकायचे होते, त्यासाठी व्हेगासकडे सवड होती.

बफेलो आता काय करू शकते?

सेबर्सच्या व्यवस्थापनाने २०२५च्या उन्हाळ्यात चाहत्यांच्या अपेक्षेच्या नेमके उलट केले. २०२४-२५मध्ये २७ गोल करणारा तरुण आक्रमक जेजे पेटर्का त्यांनी युटाला दिला आणि मायकेल केसलरिंग हा बचावपटू व जॉश डोन हा आक्रमक घेतला. पेटर्काला तिथे राहायचे नव्हते हा भाग आहेच. तरी दिशा चुकीची म्हणता येणार नाही. त्याआधी मार्चमध्ये ओटावाकडून जॉश नॉरिसला आणले, तोही एका मोसमात ३५ गोल केलेला गडी. त्या मोसमात बफेलोकडून तो तीनच सामने खेळला आणि दुखापतीने बसला. २०२२-२३मध्ये डेब्रिंकॅट ओटावात असताना त्याला साथ देणारा नॉरिस असाच खांद्याच्या दुखापतीमुळे आठच सामने खेळला होता. एका खेळाडूवर सगळे पणाला लावण्याचा धोका आकडेमोडीत बसत नाही, तो असा अचानक समोर येतो.

गाभा नाही असेही नाही. बचावपटू रॅस्मस डालीन २०३१-३२पर्यंत आणि थॉम्पसन २०२९-३०पर्यंत करारबद्ध आहेत. दोघेही अशा वयात आहेत की आणखी पाच वर्षे थांबा, असे त्यांना सांगता येणार नाही. इथे चाहत्यांची घाई समजण्यासारखी आहे. २०११मध्ये जो मुलगा शाळेत जाऊ लागला, त्याने २०२५मध्ये महाविद्यालयात पाऊल ठेवले असेल आणि तोवर आपल्या शहराचा संघ बाद फेरीत खेळताना त्याला आठवतही नसेल. ‘थोडा धीर धरा’ हे वाक्य बफेलोत कधीच झिजून गेले आहे.

तरी आकडे बाजूला सारता येत नाहीत. ७९ गुणांच्या संघाने आधी गोल खाणे कमी करायचे. त्यातून संघ ८७-८८च्या घरात आला की मग गोलवीराचे आठ गुण अर्थपूर्ण होतात. तोवर ट्रेड करायचाच झाला, तर करारात निदान तीन वर्षे शिल्लक असलेला खेळाडू हवा आणि दिलेली पिक पहिल्या दहात आली तर ती आपल्याकडेच राहील, अशी अट हवी. अशी अट विकणाऱ्याला आवडत नाही. न आवडो.

त्याहून जवळचा प्रश्न घरातच होता. २०२४-२५मध्ये ३६ गोल करणारा टक आयकलच्या बदल्यात आलेला. तो न्यूयॉर्क राज्यातल्याच सिरॅक्यूजचा, लहानपणी सेबर्सचा चाहता. बफेलोला यायला नको म्हणणाऱ्यांच्या यादीत नसलेला दुर्मीळ खेळाडू. त्याला २०२५-२६मध्ये वर्षाला ४७.५ लाख डॉलर मिळत होते आणि हा करार २०२६च्या उन्हाळ्यापर्यंतचा होता. कप्रिझोव्हला वर्षाला १.७ कोटी मिळाल्यानंतर टकची अपेक्षा जुन्या आकड्यावर थांबणार नव्हती. फेब्रुवारी २०२६मध्ये मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकसाठी लीग थांबणार होती आणि ६ मार्चला ट्रेडची मुदत संपणार होती. दुसऱ्याचा तारा आणण्याआधी आपल्याच ३६ गोलवाल्याला किती वर्षांसाठी आणि किती डॉलरला ठेवायचे, की स्किनरची आठवण ठेवून भाव आहे तोवर विकायचे, हे बफेलोच्या व्यवस्थापनाला तोवर ठरवावे लागणार होते.